धपाटा नको, रंगीत नकाशाही नको

परभणीत एडीएचडीचा, म्हणजे मुलांचं अवधान न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या अवस्थेचा, विषय काढला की दोन उत्तरं हमखास येतात. एक पारावरचं: ‘हे पुण्या-मुंबईच्या आईबापांचं खूळ. आमच्या काळी लेकरं वांडच असायची, गुरुजींचे दोन धपाटे बसले की ताळ्यावर यायची.’ दुसरं शिकल्यासवरल्या माणसाचं आणि जास्त चतुर: ‘मेंदूचा प्रश्न आहे म्हणता ना? मग एमआरआय काढा आणि दाखवा. दिसत नसेल तर सगळ्या थापा.’ या दुसऱ्या उत्तराच्या आडोशाने एक धंदाही फोफावला आहे. तो म्हणतो, ‘दाखवतो की! एवढे हजार भरा, लेकराच्या मेंदूचा रंगीत नकाशाच हातात देतो.’

या तिघांचं आपसात पटत नाही, पण तिघं मिळून काम एकच करतात. लेकराजवळ, त्याच्या आईजवळ आणि त्याच्या वर्गशिक्षिकेजवळ बसून नीट विचारपूस करण्याची गरजच ते उडवून लावतात. माझं म्हणणं थोडक्यात असं: एडीएचडी खरा आहे, मेंदूच्या जडणघडणीशी त्याचा संबंध संशोधनाने दाखवून दिला आहे, आणि तरीही तो ओळखायला मेंदूचा फोटो लागत नाही. लागतात ती योग्य प्रश्न विचारणारी आणि उत्तर ऐकून घेणारी माणसं. आपल्या जिल्ह्याची ओढाताण आहे ती इथे, यंत्रांपाशी नाही.

आधी पारावरच्या उत्तराकडे वळू. हे खूळ नवं आणि शहरी असेल, तर १७९८ साली स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्राइटन यांनी मनोविकारांवरच्या ग्रंथात अवधानाच्या बिघाडावर स्वतंत्र प्रकरण कशाला लिहिलं असतं? फ्रांकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांनी १८४० च्या दशकात छापलेल्या मुलांच्या चित्रगोष्टींत जेवणाच्या टेबलावर क्षणभर स्थिर न बसणारा फिलिप आहे. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्ससमोर व्याख्यानं दिली. बुद्धीने ठीकठाक असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचं वर्णन त्यांत आहे. तेव्हा मोबाइल नव्हता, टीव्ही नव्हता, पॅकेटमधले कुरकुरीत पदार्थही नव्हते. अमेरिकेच्या मनोविकारांच्या सूचीत ही अवस्था १९६८ साली आली, १९८० साली तिचं नाव बदललं आणि १९८७ पासून आजचं नाव रूढ झालं. म्हणजे नाव तेवढं नवं आहे.

‘पण आता फारच वाढलंय’ असंही म्हणतात. गिल्हर्मे पोलांचिक या ब्राझिलियन संशोधकाने सहकाऱ्यांसह जगभरातले अभ्यास एकत्र करून २००७ साली काढलेलं प्रमाण पाच टक्क्यांच्या थोडं वर होतं. २०१४ साली त्यांनी पुन्हा हिशोब मांडला, तेव्हा दिसलं की एकाच मापाने मोजलं तर तीन दशकांत हे प्रमाण वाढलेलं नाही. वाढली ती दवाखान्यापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या. पाच टक्के म्हणजे चाळीसच्या पटावर सरासरी दोन लेकरं. हा अंदाज आहे, पण जिंतूर, मानवत किंवा पालमच्या शाळेला तो लागू होणार नाही असं मानायला काहीही आधार नाही.

‘श्रीमंतांचे चोचले’ या आरोपाचंही उत्तर भारतातच मिळतं. कोइम्बतूरच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे अकरा टक्के मुलांत एडीएचडी आढळला, आणि मध्यमवर्गापेक्षा गरीब घरांतल्या मुलांत तो जास्त निघाला. निरनिराळ्या पाहण्यांचे आकडे मोजण्याच्या पद्धतीनुसार खालीवर होतात, त्यामुळे अकराचा आकडा कोणी परभणीवर जसाच्या तसा चिकटवू नये. पण पैशाने येणारा आजार असता, तर तो गरिबाच्या घरी जास्त कसा सापडला असता?

‘आमच्या काळी नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच वर्गाचा पट आठवून पाहावा. चौथीनंतर शाळेत न दिसलेली किती पोरं होती? कोण गुरांमागे गेलं, कोण हॉटेलात कपबशा धुवायला लागलं, कोण कोयता घेऊन ऊसतोडीला गेलं. त्या सगळ्यांना एडीएचडी होता असं कोणी म्हणणार नाही, बहुतेकांना गरिबीनेच बाहेर काढलं. पण ज्यांचं वर्गात काही केल्या लागत नव्हतं, तीही त्याच गर्दीत गेली. ती नव्हती असं नाही, मोजायला कोणी थांबलं नाही.

आजही ही गर्दी आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून दिवाळीच्या आगेमागे कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. लेकरू कधी आईबापाबरोबर फडावर जातं, कधी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. अर्धं वर्ष बुडालेल्या मुलाचं वर्गात लक्ष नाही, याचं कारण शिक्षकाला समोरच दिसतं आणि बरेचदा ते खरंही असतं. पण स्थलांतर आणि एडीएचडी एकाच लेकराच्या वाट्याला येऊ शकत नाहीत असा काही नियम नाही. उलट अशा लेकराच्या बाबतीत दुसरं कारण पहिल्याच्या खाली कायमचं गाडलं जातं.

मुलींचं तर याहून वाईट. अंगणभर धावणारा मुलगा निदान डोळ्यांवर येतो. खिडकीबाहेर पाहत बसणारी, वह्या हरवणारी, सांगितलेलं अर्ध्यात विसरणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही. तिला ‘वेंधळी’ म्हणतात आणि विषय संपतो. एडीएचडीत अतिचंचलता असावीच लागते असं नाही. नुसत्या अवधानाच्या अडचणीचा प्रकारही त्यात मोडतो.

राहिला धपाटा. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी धपाटा कुचकामीच ठरतो. एडीएचडी असलेल्या मुलाला चूक कळत नाही असं नसतं. विचारलं तर नियम तो घडाघडा सांगतो. अडचण नेमक्या त्या क्षणी स्वतःला थांबवण्याची आहे आणि मार त्या क्षणानंतर बसतो. अशा मुलांशी काम करणाऱ्यांचा अनुभव आणि वर्तनोपचारांचं संशोधन एकच सांगतं: लगेच मिळालेलं, वारंवार मिळालेलं, छोटंसं कौतुक लागू पडतं. आठवड्यानंतरचं मोठं बक्षीस आणि संध्याकाळचा मार दोन्ही वाया जातात.

इथे एक टोमणा ठरलेला असतो. ‘मोबाइलवर दोन दोन तास डोळा हलत नाही त्याचा, मग पाढे म्हणतानाच लक्ष कसं उडतं? सगळी नाटकं!’ टोमणा बिनतोड वाटतो, पण एडीएचडी म्हणजे अवधानाचा दुष्काळ ही समजूतच चुकीची आहे. बैल दमदार असतात, कासरा सैल असतो. अवधान कुठे लावायचं, किती वेळ धरायचं, केव्हा सोडायचं, हे ठरवणारा ताबा कच्चा असतो. मोबाइलचा खेळ दर सेकंदाला काहीतरी हाती देतो, त्यामुळे तिथे हा ताबा वापरावाच लागत नाही. पाढ्यांचा मोबदला सहामाहीत मिळतो. मेंदूतल्या बक्षिसाच्या वाटा, डोपामिन हे रसायन आणि आतला स्ट्रायटम हा भाग यांचा या ताब्याशी जवळचा संबंध आहे. दोन तास मोबाइल पाहणारं मूल एडीएचडी नसल्याचा पुरावा देत नाही, आणि असल्याचाही देत नाही. मोबाइल सगळ्याच मुलांना खिळवून ठेवतो, त्यासाठीच तो बनवलेला आहे.

आता मेंदूचा फोटो मागणाऱ्यांकडे येऊ. त्यांच्या मागणीत अर्धं सत्य आहे. फरक दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासून २००७ साली निष्कर्ष छापले. मेंदूचं बाह्यपटल बालपणी जाड होत जातं, एका टप्प्याला कमाल जाडी गाठतं आणि मग पातळ होऊ लागतं. हा टप्पा इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या वयात येत होता, एडीएचडी असलेल्यांत साधारण साडेदहाच्या. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता, म्हणजे थांब, आधी ऐक, मग कर असा लगाम जिथून लागतो तिथे. हालचालींचा भाग मात्र थोडा लवकरच तयार होत होता. हातपाय आधी तयार आणि आवरणारा भाग मागून येणार, अशी ती अवस्था.

कार्यरत मेंदूच्या प्रतिमांतही खुणा मिळतात. ‘आता दाबू नकोस’ असा इशारा मिळताच बोट रोखायचं, अशा चाचणीत या मुलांच्या उजव्या बाजूच्या पुढच्या भागातली आणि स्ट्रायटममधली हालचाल सरासरीने कमी दिसते. आणखी एक गोष्ट कळली आहे. आपण काही करत नसतो, मन भटकत असतं, तेव्हा मेंदूतलं एक जाळं जागं असतं आणि काम सुरू झालं की ते मागे सरायला हवं. एडीएचडीत ते पुरेसं मागे सरत नाही आणि कामात लुडबुड करतं, असा सिद्धांत एडमंड सोनुगा-बार्क आणि फ्रान्सिस्को कॅस्टेलानोस यांनी २००७ साली मांडला. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर निघतो. तेव्हा ‘मेंदूशी काही संबंध नाही’ हे म्हणणं आता टिकत नाही.

फोटो मागणारा लगेच म्हणेल, ‘झालं तर! काढा माझ्याही पोराचा.’ इथेच त्याची गफलत होते. वर सांगितलेले सगळे फरक समूहांच्या सरासरीतले आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मार्टिना होगमान आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या १,७१३ आणि नसलेल्या १,५२९ जणांच्या मेंदूच्या प्रतिमा ताडून पाहिल्या. मेंदूतले काही खोलवरचे भाग एडीएचडी असलेल्यांत किंचित लहान आढळले. पण हा फरक इतका बारीक आहे की दोन्ही गटांची मापं बहुतांशी एकमेकांवरच पडतात. एका मुलाचा एमआरआय समोर ठेवून कोणताही प्रामाणिक डॉक्टर ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगू शकत नाही. सरासरीत दिसणारा फरक आणि एका जिवाचं निदान, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग जे फोटोत दिसत नाही ते खोटं का? अर्धशिशीने डोकं धरून बसलेल्या बाईचा एमआरआय बहुधा स्वच्छ निघतो आणि डॉक्टर तिच्या सांगण्यावरून औषध देतो. फिट येऊन गेलेल्या कित्येक रुग्णांच्या मेंदूचा फोटोही निर्दोष असतो. त्यांना आपण ढोंगी म्हणत नाही. लक्ष न लागणाऱ्या पोराकडूनच फोटोचा पुरावा मागायचा, हा हट्ट विज्ञानाचा नाही. अशा पोराला आपण आळशी ठरवून बसलेलो असतो, त्या समजुतीला धक्का लागू नये म्हणून तो असतो.

आणि याच हट्टावर तिसऱ्याचं दुकान चालतं. ज्याला फोटोच हवा, त्याला फोटो विकणारे भेटतातच. डोक्याला तारा लावून ‘ब्रेन मॅपिंग’ करतो, लाल-निळ्या रंगांत बिघाड दाखवतो, असं सांगणारे आहेत. मेंदूतल्या दोन प्रकारच्या लहरींचं गुणोत्तर मोजणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेत २०१३ साली परवानगी मिळाली होती, पण तीही डॉक्टरच्या तपासणीला जोड म्हणून. २०१६ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने स्पष्ट केलं की नेहमीच्या तपासणीच्या जागी हे मोजमाप वापरू नये. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि कल सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ला शास्त्रीय आधार नाही, हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१९ साली जाहीर केलं. ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ करून डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांचं पितळ अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वेळोवेळी उघडं पाडलं. तरीही सोयाबीन विकून आलेल्या पैशातून फी भरणारे बाप मिळतात, कारण ‘मेंदूचं काही असेल तर ते यंत्रातच दिसतं’ ही गोष्ट त्यांच्या मनात आधीच पक्की करून दिलेली असते. ती पक्की फोटो मागणाऱ्या शंकेखोरांनीच केलेली आहे.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही: उठसूट शिक्का मारला जाण्याची भीती. ती रास्त आहे. अमेरिकेत १ सप्टेंबर ही शाळाप्रवेशाची सीमा असलेल्या राज्यांत, वर्गात सर्वांत लहान असणाऱ्या ऑगस्टमधल्या मुलांना सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत मोठ्या असणाऱ्या मुलांपेक्षा एडीएचडीचं निदान ३४ टक्के जास्त वेळा झालेलं आढळलं. हा अभ्यास २०१८ सालचा. वय कोवळं होतं, त्याला आजार समजलं गेलं. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होण्याची अट आहे. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा डिसेंबरात जन्मलेलं लेकरू साडेपाच वर्षांचंच असतं, आणि शेजारी जवळपास साडेसहाचं बसलेलं असतं. त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी प्रत्येक बाईंनी हजेरीपटातली जन्मतारीख पाहिली पाहिजे.

पण या आक्षेपाचा उपाय निदान नाकारणं हा नाही, निदान नीट करणं हा आहे. ते कसं करायचं हेही ठरलेलं आहे. अवधानाच्या अडचणीची किंवा अतिचंचलतेची नऊपैकी किमान सहा लक्षणं हवीत, ती सहा महिने टिकलेली हवीत, बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी हवीत, आणि त्यांनी मुलाचं प्रत्यक्ष अडलेलं हवं. त्याआधी कान तपासायचे, डोळे तपासायचे, रक्त कमी आहे का पाहायचं, झोप विचारायची, मध्येच क्षणभर टक लावून हरवणाऱ्या मुलात फिटची शक्यता तपासायची. घरात मारहाण आहे का, बाप पितो का, घास पोटभर मिळतो का, हेही विचारायचं. यातलं एकही काम एमआरआय करत नाही, आणि यातल्या एकाही कामासाठी परभणीहून संभाजीनगर किंवा पुणे गाठावं लागू नये.

औषधाबद्दलची भीतीही तपासून घेऊ. ‘गुंगीचं औषध देऊन लेकरू गप्प करतात’ असं बोललं जातं. मिथाइलफेनिडेट हे यातलं मुख्य औषध १९४४ साली तयार झालं. ते गुंगी आणत नाही, मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन थोडा जास्त वेळ उपलब्ध ठेवतं. भूक मंदावणं, झोप उडणं असे त्याचे त्रास आहेत, म्हणून वजन, उंची आणि नाडीवर नजर ठेवावी लागते. भारतात ते औषधांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि दुकानदाराला वेगळा परवाना लागतो. इतकं बांधलेलं औषध कोणी खिरापतीसारखं वाटू शकत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत तर आधी आईबापांना वागणुकीचं प्रशिक्षण द्यावं, असंच सांगितलं जातं. आणि औषध म्हणजे सगळं नव्हे. १९९९ सालच्या ५७९ मुलांवरच्या अमेरिकी चाचणीत चौदा महिन्यांच्या अखेरीस काटेकोर औषधोपचार मुख्य लक्षणांवर सरस ठरला होता, पण तीन वर्षांनी गटागटांमधला फरक मावळला. औषध मदत करतं, घर आणि शाळा बदलली नाही तर ते एकटं पुरत नाही.

मग परभणी जिल्ह्याने काय करायचं? नवी योजना मागायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात, पालघरला झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा आरोग्य पथकाने अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, आणि संशयित मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, असं त्याचं स्वरूप आहे. ज्या तीस अवस्था शोधायच्या, त्यांच्या यादीत एडीएचडी नावानिशी आहे. म्हणजे सरकारदरबारी हे खूळ नाही, पथकाच्या कामाचा भाग आहे.

तरी ही मुलं हाती लागायची तर पद्धत बदलावी लागेल. पथक दाताला, डोळ्याला, वजनाला हात लावून पाहू शकतं. अवधान असं हात लावून दिसत नाही. डॉक्टरसमोर दोन मिनिटं उभं राहिलेलं एडीएचडीचं मूल बरेचदा अगदी शहाण्यासारखं वागतं. ते माहीत असतं वर्गावरच्या बाईंना आणि घरच्या आईला. म्हणून प्रत्येक तपासणीत वर्गशिक्षकांना चार प्रश्न विचारणं सक्तीचं करावं आणि उत्तर कागदावर घ्यावं. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मनोविकार आणि बालरोग विभागांनी आठवड्यातला एक ठरलेला वार मुलांच्या वर्तनाच्या अडचणींसाठी राखावा, आणि तो वार नवही तालुक्यांतल्या शाळांना कळवावा. जिल्हा परिषदेने शिक्षकांच्या प्रशिक्षणांत हा विषय घ्यावा. मतदार याद्यांपासून खिचडीच्या हिशोबापर्यंत सगळं ज्याच्या गळ्यात आहे, त्या शिक्षकावर आणखी एक नोंदवही लादू नये. त्याला उपयोगी पडेल ते शिकवावं: मूल पुढच्या बाकावर घ्यायचं, एका वेळी एकच सूचना द्यायची, मोठं काम तुकड्यांत द्यायचं, आणि फळा पुसायला किंवा हजेरी कार्यालयात पोहोचवायला त्यालाच उठवायचं.

कायद्यातली एक फटही बुजवली पाहिजे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडी वेगळा नाही. महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास होण्याची तरतूद २०२३ साली परत आणली. त्यानंतर ही फट जास्तच बोचरी झाली आहे. पुनर्परीक्षेतही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात बसवण्याआधी त्याच्या अवधानाची तपासणी झाली होती का, हा प्रश्न शाळेने विचारलाच पाहिजे.

फोटो मागणाऱ्यांनी खुशाल फोटोची वाट पाहावी. तोवर लेकरांना ताटकळत ठेवण्याचा अधिकार त्यांना नाही. आईबापांनी मेंदूच्या नकाशाला एक पैसा देऊ नये. मनात शंका असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा आणि सरकारी रुग्णालयात मुलाला दाखवावं. आणि गुरुजी, बाई, तुम्हाला एवढीच विनंती: आरोग्य पथक शाळेत येईल तेव्हा कोणी विचारण्याची वाट पाहू नका. ज्या लेकरासाठी तुमचे सगळे उपाय थकले आहेत, त्याचं नाव स्वतःहून सांगा, आणि ते कागदावर लिहिलं गेलं की नाही हेही पाहा.